सातव्या कलमापाशी

वकील कीर्तनी डिचोलीहून आले,
चष्म्याची काच सदऱ्याला पुसत म्हणाले,
‘धिस इज द स्टिकिंग पॉइंट’,
आणि माझ्याकडे वळले:
‘बाई, एवढं मराठीत घ्या.’

नार्व्याच्या शाळेत, दुसरीच्या बाकांवर
गुडघे छातीशी घेऊन बसलेली कुळं.
समोर मानशीचा मक्तेदार इनास, एकटा, उभा.
इतिवृत्त माझ्याकडे,
कारण अक्षर चांगलं आणि पेन्शन कमी.

दहा कलमं सरळ उतरली होती.
बांधावरच्या चिखलाची मजुरी.
खेकड्यांनी पाडलेली भोकं कुणी बुजवायची.
पावणीचे पैसे कधी, कोळंबी कुणाची.
राहिलं सातवं:
मानशीच्या कुलपाची चावी कोणाकडे.

इनासकडे राहिली तर रात्री भरतीला दार उघडणार,
मासळी आत, मागोमाग खारं पाणी, कोरगुट करपणार.
सुबरायकडे राहिली तर दार बंद,
आणि इनासनं भरलेला मक्ता पाण्यात;
म्हणजे पाण्यातसुद्धा नाही.

‘चिकटायची जागा’ लिहावं,
तर पाकिटावरच्या तिकिटासारखं दिसतं.
‘अडथळा’ रस्तेवाल्यांचा, फळ्यावर रंगवलेला.
‘इथं घोडं पेंड खातं’?
नार्व्यात घोडा पाहिलाय कुणी,
आणि एकदा इतिवृत्तात घुसला
की त्याच्या पेंडीचा खर्च कुठल्या कलमात दाखवू?
‘ग्यानबाची मेख’ म्हणावं
तर कीर्तनी विचारणार,
हा ग्यानबा कूळ की मक्तेदार?

अडसर.
हा शब्द हाताला ओळखीचा.
आई तिन्हीसांजेनंतर दाराला लावायची,
फणसाचा, मधोमध झिजलेला.
आम्ही आत होतो म्हणून तो आमचा आधार.
बाहेर राहिलेल्यानं त्याला काय म्हटलं असेल,
कधी विचारलंच नाही.

‘अ’ काढला
आणि सुबरायनं खिडकीबाहेर पाहिलं.
त्याच क्षणी इनासनंही.
‘सुकती लागली,’ कोण म्हणालं ते कळलं नाही.
तीन दिवसांचा पाऊस खाजनात साचलेला,
भाताची फक्त टोकं वर.
सभा बाकांसकट हलली.
कीर्तनींनी घड्याळ पाहिलं, मग गाडीकडे.

चावी इनासच्या कमरेच्या नाडीला होती.
कुलूप उघडलं, फळी उघडेना.
लाकूड फुगून खाचेत रुतलेलं,
कडेनं कालवं धरलेली, सुरीसारखी.
सुबरायनं लाथ घातली, मग शिवी,
मग इनासनं फेकलेल्या दोराचं टोक धरलं.
म्हातारा म्हाबळू नुसताच ‘हं, हं’ करत राहिला.
मी छत्री धरून उभी;
ती कुणाच्या डोक्यावर धरावी हेही ठरेना.

फळी चार बोटं हलली.
आधी गढूळ फेस,
मग नदीला काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं पाणी,
लोटत, घोगऱ्या आवाजात.
इनासनं त्या दिवशी जाळं लावलं नव्हतं.
हे कुणी बोललं नाही. मीही लिहिलं नाही.

हाताला कालवं लागून रक्त आलेलं,
ते चड्डीला पुसत सुबराय म्हणाला,
‘तरीपण चावी आमच्याकडेच.’
‘म्हजेकडेन उरतली,’ इनास,
आणि नाडीची गाठ पुन्हा मारली.

रात्री दिव्याखाली वही उघडली.
‘अ’च्या पुढे जागा सोडून दिली, चार बोटं.
खाली लिहिलं:
कलम सातवर चर्चा झाली. पाणी सोडण्यात आलं.
पुढची सभा सुकती पाहून.
कीर्तनींना प्रत पाठवायची आहे.
पानाच्या कोपऱ्यावर चिखलाचा अंगठा उमटलाय,
कुणाचा ते सांगता येत नाही.